मोटारीचे पाणी उकळते तेव्हा...

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह गेली तीन-चार वर्षे चालू होता आणि मी तो टाळत होतो. नाट्यसंगीत, किल्ले, संतवाङ्मय यांवर लिहिणारी जाणकार मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर काम केले ते मोटारीच्या रेडिएटरचे! त्यावर उत्सवाच्या अंकात कोण काय वाचणार? पण यंदा फेब्रुवारीत एक प्रसंग घडला आणि वाटले, एकदा हे लिहून टाकावे. आपल्या मंडळातली निम्मी माणसे मानेसर, धारूहेडा, फरिदाबादच्या मोटार कारखान्यांच्या निमित्तानेच इकडे आली आहेत. त्यांना विषय परका वाटणार नाही. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावे.

दिल्लीत हिवाळ्यात जुन्या मोटारींच्या रॅली निघतात. ‘स्टेट्समन’ची रॅली तर १९६४ साली सुरू झाली. अशाच एका रॅलीला नातीला घेऊन गेलो होतो. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाके, फेटे बांधलेले मालक, सगळा थाट बघून झाला. एका मोटारीपाशी नात थबकली. मोटारीच्या अगदी नाकावर, रेडिएटरच्या झाकणावर, एक गोल काचेची डबी उभी होती आणि तिच्यात थर्मामीटर होता. “आजोबा, गाडीला ताप येतो का?” तिने विचारले.

येतो! आणि त्या काळी तो सारखाच येत असे. तो थर्मामीटर म्हणजे बॉइस मोटोमीटर. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास त्याचे पेटंट निघाले आणि पुढची पंधरा-वीस वर्षे तो जगभरच्या मोटारींवर दिसे. ड्रायव्हरच्या जागेवरून काचेतून लाल रेघ दिसायची. रेघ वर चढू लागली की गाडी बाजूला घ्यायची. डॅशबोर्डावर काटा नव्हता तेव्हाची ही सोय. झाकणाच्या आतल्या वाफेचे तापमान तो दाखवी, त्यामुळे पाणी कमी झाले तरी इशारा मिळे. दिसायला शोभेची वस्तू, पण माझ्या मते मोटारीच्या इतिहासात तिचे स्थान फार मोठे आहे. का ते पुढे सांगतो.

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा त्यातल्या उष्णतेचा थोडाच भाग चाकांपर्यंत पोहोचतो. बराचसा धुरावाटे जातो आणि बराचसा इंजिनाच्या भिंतींत शिरतो. ढोबळ हिशेब असा की, इंजिन चाकांना जेवढी ताकद देते, जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्याला बाहेर काढून न्यावी लागते. ती नेली नाही तर तेल जळते, पिस्टन फुगून अडकतो आणि इंजिन बसते.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीत यासाठी रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवती पाणी, ते उकळायचे, वाफ होऊन उडून जायचे. पाण्याची वाफ होताना ती खूप उष्णता घेऊन जाते, त्यामुळे युक्ती चालत असे. आपल्या माठाचेच तत्त्व म्हणा ना! पण माठ रोज भरावा लागतो. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ या बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, म्हणजे शंभरएक किलोमीटर दूर माहेरी, मोटारीने गेल्या. जगातला हा पहिला लांबचा मोटारप्रवास मानतात. त्या प्रवासात त्यांना वाटेतल्या विहिरी, ओढे, खाणावळी, जिथे मिळेल तिथे पाणी भरावे लागले. त्यांचे इंजिन अगदी छोटे होते म्हणून निभावले. तीच पद्धत वीस अश्वशक्तीच्या इंजिनाला लावली तर तासाला वीस-पंचवीस लिटर पाणी नुसते वाफ होऊन जाईल. म्हणजे गाडीमागे पाण्याचा टँकर हवा. (गुडगावच्या सोसायटीत राहणाऱ्यांना टँकरचे दुःख सांगायला नको.)

म्हणून पाणी उडू न देता त्यालाच थंड करून पुन्हा फिरवायचे, हा विचार आला. सुरुवातीला लांबलचक वळणदार नळ्या मोटारीच्या पोटाखाली टांगत. पाणी भरपूर, वजन भरपूर, थंडावा बेताचा. खरी उडी मारली ती डाइम्लर कंपनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज मोटारीसाठी त्यांनी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात सहा मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या ८,०७० आखूड नळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या होत्या. नळ्यांच्या आतून वारा आणि नळ्यांच्या फटींतून पाणी. मागे एक छोटा पंखा, गाडी हळू चालत असताना वारा ओढण्यासाठी. एवढ्या मोठ्या इंजिनाला पाणी लागले फक्त नऊ लिटर, आधीच्या पद्धतीच्या निम्मे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मायबाखने पाणी वाढवले नाही, कमी केले. वाढवला तो पाणी आणि वारा यांच्यामधला पृष्ठभाग. चहा गार करायचा तर आपण मोठा कप घेत नाही, बशीत ओततो, तेच हे. आजच्या प्रत्येक मोटारीचा रेडिएटर त्या पोळ्याचा वंशज आहे.

पुढे दोन पंथ झाले. एक पंपाने पाणी फिरवणाऱ्यांचा, दुसरा ‘गरम पाणी आपोआप वर चढते, गार खाली उतरते’ या तत्त्वावर विसंबणाऱ्यांचा. फोर्डच्या १९०८ च्या ‘मॉडेल टी’मध्ये पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता, नंतर फोर्डसाहेबांनी तो काढूनच टाकला. पंप नाही तर बिघाडही नाही! सपाट मुलखात हे छान चाले. मात्र या पद्धतीत वरच्या नळीच्या तोंडाखाली पाणी गेले की फिरणेच थांबते.

आता आपल्या देशाकडे येऊ. मुंबईत मोटारी आल्या १८९८ च्या सुमारास. जमशेटजी टाटांनी १९०१ मध्ये मोटार घेतली आणि मोटार बाळगणारे ते पहिले भारतीय मानले जातात. या सगळ्या मोटारी युरोपच्या हवेत जन्मलेल्या. इकडच्या रस्त्यांवर त्या टिकतात का, हा गिऱ्हाइकाचा रोकडा प्रश्न होता. एखाद्या संस्थानिकाला मोटार विकायची तर ‘लंडनमध्ये उत्तम चालते’ हे सांगून भागत नव्हते. मग चाचणीच्या शर्यती सुरू झाल्या. वेगाच्या नव्हेत, टिकाऊपणाच्या. ‘मोटार युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ने १९०४ च्या डिसेंबरअखेरीस दिल्ली ते मुंबई अशी जवळजवळ नऊशे मैलांची चाचणी भरवली. आपण आज ज्या दिल्लीहून सुट्टीला मुंबईकडे निघतो, त्याच दोन टोकांमधली ही यात्रा. पण महिना कोणता? डिसेंबर! दिल्लीत तेव्हा शाल पांघरून शेकोटीजवळ बसतात.

यापेक्षा आपल्याला जवळची चाचणी १९०८ सालची, मुंबई ते कोल्हापूर. मी कोल्हापूरकडचा, त्यामुळे थोडा पक्षपात होणार, माफी असावी! अंतर ६२० मैल आणि वाटेत सहा मोठे घाट, असे तिचे वर्णन मिळते. रोल्स-रॉइसचे हिंदुस्थानातले प्रतिनिधी फ्रँक नॉरबरी यांनी ४०/५० अश्वशक्तीची, सात लिटरहून मोठ्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची मोटार उतरवली. नाव ठेवले होते ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, पूर्वेचा मोती. या गाडीने संपूर्ण प्रवास नाइलाजाचा एकही थांबा न घेता केला. नंतर ती ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. कोल्हापूरच्या वाटेवर परीक्षा दिलेली मोटार ग्वाल्हेरला नांदायला गेली, म्हणजे मराठी घरातच राहिली म्हणायची.

‘नाइलाजाचा थांबा नाही’ हे शब्द आज साधे वाटतात. घाटात त्याचा अर्थ काय होता ते पाहा. मुंबईहून पुण्याला जाताना खोपोली ते खंडाळा या काही मैलांत रस्ता सुमारे पाचशे मीटर वर चढतो. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये हा बोरघाटाचा रस्ता खुला झाला तो बैलगाड्या आणि घोडागाड्यांसाठी. पुण्याच्या पुढे कात्रज, मग खंबाटकी. चढावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन जिवाच्या आकांताने फिरते, म्हणजे उष्णता जास्तीत जास्त. गाडी मात्र गोगलगायीसारखी, म्हणजे समोरून वारा कमीत कमी. त्यात वारा पाठीमागून असला तर रेडिएटरला काहीच मिळत नाही. शिवाय उंची वाढते तसे पाणी लवकर उकळते, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळते, तिथल्या भाताला म्हणूनच शिजायला वेळ लागतो. चढाचा प्रत्येक गुण रेडिएटरच्या विरुद्ध आणि शिक्षा एकच, पाणी उकळणे.

बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे नाणे टाकत. माझे मामा म्हणायचे, “शिंग्रोबाला पैसा आन् गाडीला पानी, दोनी चुकवायचं न्हाई.”

या मामांबद्दल थोडे सांगायला हवे. १९६० च्या दशकात ते कोल्हापूरहून मुंबईला गूळ नेणाऱ्या ट्रकवर आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर होते. शिक्षण चौथी. क्लीनरचे मुख्य काम पाणी. ट्रकला डबा टांगलेला असे, कुठल्या वळणावर ओढा, कुठे विहीर, कुठल्या हॉटेलवाल्याचा स्वभाव बरा, हे सगळे पाठ. रेडिएटर गळू लागला तर मूठभर हळद आत टाकायची, ती भेगेत जाऊन बसते आणि मुंबई गाठता येते. (आजच्या मोटारीत हे कृपा करून करू नका. आताच्या ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या हळदीने कायमच्या बुजतात. तेव्हाचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, डाख देऊन जोडलेले, पुन्हा खोलून साफ करता येणारे.)

मामांची एक सवय मला लहानपणी गमतीची वाटे. घाट चढून आले की ते रेडिएटरच्या वरच्या टाकीला बोट लावल्यासारखे करून झटकन काढत, मग खालच्या टाकीला हात लावत. दोन्हींत बराच फरक असला की म्हणायचे, “बरं हाय.” फरक कमी असला की मान हलवायचे: वारा लागत नाही, जाळी बुजली आहे. आणि वर आग, खाली अगदी गार असेल तर पाणी फिरतच नाही. ते सगळे त्यांच्या बोटांत होते.

त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण होती. एकदा घाईत झाकण उघडले होते. आई आम्हाला ती खूण दाखवून चुलीपासून लांब ठेवायची.

पाणी का उकळते हे कळल्यावर पुढचा प्रश्न, ते उकळेल की नाही हे आधी कसे ओळखायचे? जुन्या टिकाऊपणाच्या चाचण्यांचे उत्तर एकच होते: चालवून बघा. उकळले तर नापास, नाही तर पास. पण ‘पास’ झालेली गाडी काठावर पास झाली की पहिल्या वर्गात, हे त्यातून कळत नाही. पूर्वेच्या मोत्याने घाट न थांबता पार केले, हे खरे. पण दहा अंश जास्त उन्हाळा असता तर? नुसत्या थांब्यांच्या नोंदीत त्याचे उत्तर नसते.

उत्तर थर्मामीटरमध्ये आहे आणि ते वजाबाकीइतके सोपे आहे. रेडिएटर किती उष्णता टाकतो, हे पाण्याच्या तापमानावर ठरत नाही, पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरते. पाणी ९५ अंश आणि लंडनची हवा १० अंश, फरक ८५. तेच पाणी आणि गुडगावची जूनमधली हवा ४५ अंश, फरक ५०. म्हणजे लंडनला जो रेडिएटर शंभर टक्के काम करतो तो इथे साठ टक्क्यांच्याही आत येतो. गाडी तीच, ड्रायव्हर तोच. पुढे ‘कलोनियल’ म्हणून ज्या मोटारी इकडे पाठवत त्यांना उंच चेसिस आणि मोठा रेडिएटर देत, तो याच अनुभवातून.

याच गणिताची दुसरी बाजू अशी: तोच चढ, तोच वेग, तेच ओझे असेल तर हा फरक जवळजवळ कायम राहतो. बाहेर दहा अंश वाढले की पाणीही दहा अंश वाढते. म्हणून गाडी उकळेपर्यंत वाट बघण्याची गरज नाही. हिवाळ्यात मोजा, वजाबाकी करा, आणि किती अंशांच्या उन्हात ही गाडी उकळेल ते सांगा. समजा बाहेर २० आणि पाणी ८०, तर फरक ६०. साधे पाणी १०० ला उकळते, तेव्हा ४० अंशांच्या दिवशी ही गाडी वाफ सोडणार. आमच्या धंद्यात आजही रेडिएटरची परीक्षा मुख्यतः याच आकड्यावर होते. पुण्याची एआरएआय असो (स्थापना १९६६), अहिल्यानगरची लष्करी वाहनांची संस्था असो की आपल्या शेजारची मानेसरची आयकॅट, यंत्रे मोठी झाली तरी वजाबाकी तीच. मोटोमीटरला मी एवढा मान देतो तो यासाठी. त्याच्यावर बारीक आकडे नसत, सावध व्हा एवढेच तो सांगे. पण ‘उकळले की नाही’ या प्रश्नाच्या जागी ‘किती तापले’ हा प्रश्न त्याने सामान्य ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर आणून ठेवला.

शास्त्रज्ञ मंडळीही दरम्यान कामाला लागली होती. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांसाठी रेडिएटरचे तुकडे वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून मोजमापे झाली. आणि आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींसाठी एक गंमत: कॉलेजात घोकलेले डिटस-बोल्टर यांचे समीकरण आठवते का? १९३० साली कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघालेला त्यांचा तो निबंध मुळात मोटारीच्या नळीदार रेडिएटरवरच होता! अणुभट्टीपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे वापरतात ते सूत्र जन्मले मोटारीच्या नाकात. त्यातून एक व्यवहाराची गोष्ट कळते. नळीतल्या पाण्याचा वेग दुप्पट केला तर उष्णता देण्याची ताकद दुप्पट होत नाही, पावणेदोन पटीपर्यंत जाते. शिवाय मोटारीत अडचण बहुधा पाण्याच्या बाजूला नसतेच, हवेच्या बाजूला असते. तरीही आजतागायत गाडी तापली की लोक आधी मोठा पंप बसवायला सांगतात.

आता माझी गोष्ट. ती सांगायची की नाही याचा खूप विचार केला. १९९० च्या दशकात मी इथे एका कारखान्यात कूलिंगच्या विभागात होतो. एका छोट्या मालवाहू गाडीसाठी रेडिएटर बदलायचा होता, स्वस्त आणि हलका. चाचणी फेब्रुवारीत झाली, सोहन्याच्या घाटीवर, पूर्ण माल भरून, थर्मोस्टॅट पूर्ण उघडा ठेवून. दिवसभर फेऱ्या मारल्या. पाणी कुठेही उकळले नाही. मी अहवालावर लिहिले ‘समाधानकारक’ आणि सही केली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली. रेवाडीजवळ आमची गाडी तापून उभी राहिली, ड्रायव्हरने झाकण उघडले आणि त्याचा हात व मानेची बाजू भाजली. तरुण पोरगा होता. झाकणाचे काम इथे समजून घ्यायला हवे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन मोटारींत दाब धरणारे झाकण आले. प्रेशर कुकरसारखेच ते. दाबाखाली पाणी ११५ अंशांनाही न उकळता शांत राहते, म्हणून रेडिएटर लहान करता येतो. पण झाकण काढले की दाब जातो आणि ते शांत पाणी क्षणात वाफ होऊन उसळते. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरहून अधिक वाफ होते. म्हणून इंजिन गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे मुलांनाही सांगून ठेवा.

मी फेब्रुवारीचे कागद काढले. प्रत्येक फेरीची नोंद होती. बाहेरचे तापमान २२, पाणी ९२. दोन्ही आकडे एकाच ओळीत, शेजारी शेजारी, एका शिकाऊ मुलाने सुवाच्य अक्षरात लिहिलेले. फरक ७०. जूनमध्ये बाहेर ४५, म्हणजे पाणी ११५. आमची मर्यादा ११० होती. वजाबाकी करायला पाच सेकंद लागली असती. मी ती केली नव्हती, कारण गाडी उकळली नव्हती. १९०४ च्या डिसेंबरातल्या चाचणीच्या पुढे मी एक पाऊलही गेलो नव्हतो.

त्या ड्रायव्हरला भेटायला मी गेलो. त्याची आई बाहेर बसली होती, तिने मला चहा दिला. मी कोण हे तिला माहीत नव्हते आणि मीही सांगितले नाही. परत येताना मामांचा हात डोळ्यांसमोर होता. चौथी शिकलेला तो माणूस दोन्हीकडे बोट लावून फरक बघत असे.

त्यानंतर आम्ही जे केले ते फार अवघड नव्हते. जाड रेडिएटर घालावा, असे सगळे म्हणत होते. पण नळ्यांच्या रांगा वाढवल्या तर मागच्या रांगेला पुढच्या रांगेने तापवलेलीच हवा मिळते, खर्च दुप्पट आणि फायदा थोडा. आम्ही धूर सोडून हवा कुठून जाते ते पाहिले. बरीचशी हवा रेडिएटरच्या बाजूच्या फटींतून निसटत होती, आणि हळू वेगात इंजिनाकडची गरम हवा त्याच फटींतून पुढे येऊन पुन्हा आत ओढली जात होती. फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या. पंख्याभोवती नीट बसणारा घेर दिला, म्हणजे पंखा जाळीच्या मधल्याच भागातून नव्हे, सगळ्या जाळीतून हवा ओढेल. फरक ७० वरून ६१ वर आला. ४५ अंशांना पाणी १०६. त्या रबरी पट्ट्यांची किंमत ऐकून आमचे साहेब हसले होते. अहवालाच्या छापील फॉर्मवर ‘फरक’ नावाचा एक रकाना मी वाढवून घेतला. नोकरीतले माझे सर्वांत टिकाऊ काम कदाचित तेच असेल.

गुडगाव (२०१६ पासून गुरुग्राम, पण आमच्या तोंडी अजून गुडगावच) हे रेडिएटरच्या दृष्टीने कठीण गाव आहे, हेही जाता जाता सांगतो. उन्हाळा आहेच. एप्रिलमध्ये गव्हाची मळणी सुरू झाली की आजूबाजूच्या रस्त्यांवर भुसा उडतो आणि जाळीत जाऊन बसतो. ट्रॅक्टरवाले संध्याकाळी जाळी झटकतात, आपण मोटारवाले नाही झटकत. आणि इथले बोअरचे पाणी! नळांवर पांढरे थर धरतात ते सगळ्यांनी पाहिलेच आहेत. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले की तोच थर नळ्यांच्या आत बसतो, आणि उष्णता जाऊ देण्यात हा थर तांब्यापेक्षा शेकडो पटींनी मागे आहे. तेव्हा कूलंट संपले तर नळाखाली बाटली धरू नका, सांगितलेलेच कूलंट भरा.

रॅलीच्या दिवशी हे सगळे नातीला सांगितले नाही, अर्थात. वजाबाकी मात्र शिकवली. मोटोमीटरवर आकडे नव्हते, म्हणून मालकांची परवानगी घेऊन खिशातला माझा जुना थर्मामीटर वरच्या टाकीला टेकवला. पंधरा मिनिटे जागेवर इंजिन चालू होते. टाकी ७९, हवा २१. नातीने बोटांवर मोजून ५८ सांगितले, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “म्हणजे मे महिन्यात ही गाडी उकळणार!”

मालक सत्तरीचे, जयपूरकडचे गृहस्थ होते. मराठी कळले नसावे, पण ‘मे’ आणि ‘उकळणार’च्या वेळचा हातवारा कळला. त्यांनी झाकणावरची डबी रुमालाने पुसली आणि म्हणाले, “बेटा, मई में यह गाड़ी कभी निकली ही नहीं.”